तारेची वाट : गृहनिर्माण संस्था आणि केबल कंपन्यांचे करारनामे

वैराग परिसरातील शेतकऱ्यास 'वहिवाट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शेजाऱ्याच्या बांधावरून बैलगाडी नेण्याची परवानगी आजोबांच्या काळी तोंडी दिली गेली, पुढे गाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, वाट रुंदावत गेली, आणि नातवांनी ती अडविली तेव्हा प्रकरण तहसील कचेरीत पोहोचले, असे प्रसंग या भागातील बहुतेक गावांनी पाहिलेले आहेत. अशा तंट्यांसाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. बांधावरून नवा रस्ता मागावयाचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. वाट देणे सोपे आणि दिलेली वाट परत घेणे अवघड, हा अनुभव त्यामुळे येथे कोणालाही नवा नाही.

आता हीच वाट निराळ्या रूपाने मागितली जात आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावात शेतजमिनी अकृषिक होऊन त्यांवर भूखंडांच्या वसाहती उभ्या राहिल्या, नोकरदारांनी आणि व्यापाऱ्यांनी घरे बांधली, कोठे दुमजली-तिमजली इमारतीही झाल्या. या घरांपर्यंत दूरचित्रवाणीची व इंटरनेटची तार नेऊ इच्छिणारी कंपनी वसाहतीच्या पदाधिकाऱ्यांकडे येते, ती दोन कागद घेऊन. पहिल्या कागदान्वये गच्ची, जिना, खांब व अंतर्गत रस्ते यांवरून तार नेण्याचा व पेट्या बसविण्याचा हक्क मागितलेला असतो. दुसऱ्या कागदात संस्थेने आपल्या सभासदांत केवळ त्याच कंपनीच्या सेवेचा प्रचार करावा असे म्हटलेले असते. मोबदल्यादाखल काही रक्कम देऊ केलेली असते. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती अडलेली असते, कूपनलिकेचा पंप जळालेला असतो, आणि देखभाल निधीत शिल्लक नसते. अशा वेळी कागदावर सही करण्याचा मोह समितीस झाला तर त्यात आश्चर्य नाही.

प्रथम प्रश्न असा की, सही करण्याचा अधिकार कोणाचा? महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेपासून ही परंपरा चालत आलेली आहे, आणि सोलापूर जिल्ह्याने तर तिचा फार मोठा विस्तार पाहिला आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने उभारलेली दहा हजार घरांची वसाहत २००६ साली लाभार्थींच्या स्वाधीन झाली. त्याच गावी असंघटित कामगारांसाठी योजिलेल्या तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. एवढी घरे एका ठिकाणी असली की सेवा विकणाऱ्याच्या दृष्टीने ती एक तयार बाजारपेठच होय. वैरागच्या चाळीस घरांच्या वसाहतीचे मोल त्या मानाने थोडे असेल, परंतु प्रश्न तोच आहे.

सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते व २०१९ च्या सुधारणेने त्या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आहे. तेथे अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची असते. व्यवस्थापक समिती दैनंदिन कारभार पाहते. पंधरा वर्षे संस्थेस बांधून ठेवणारा करार हा दैनंदिन कारभार नव्हे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील इमारतीत सामाईक भागात प्रत्येक गाळेधारकाचा अविभक्त हिस्सा असतो, त्यामुळे तेथील व्यवस्थापकाने एकट्याने असा हक्क लिहून देणे अधिकच धोक्याचे ठरते. तिसरा प्रकार लहान गावांत विशेष आढळतो. भूखंडधारकांनी एकत्र येऊन मंडळ काढलेले असते, ते संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेले असते किंवा नोंदलेलेच नसते. अशा मंडळाच्या नावावर इंचभरही जमीन नसते. अभिन्यासातील रस्ते व मोकळी जागा स्थानिक संस्थेकडे हस्तांतरित झालेली असल्यास त्या रस्त्याखाली तार पुरण्याची परवानगी नगरपंचायतीने द्यावयाची असते. जे आपले नाही ते मंडळाच्या अध्यक्षांनी लिहून दिले, तर त्या कागदापासून कंपनीला हक्क मिळत नाही. मात्र घेतलेल्या पैशाची जबाबदारी अध्यक्षांच्या गळ्यात राहते. यास्तव सात-बारा, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि हस्तांतरणाचे पत्र हे कागद कराराच्या मसुद्याआधी पाहिले पाहिजेत.

सदनिकांच्या इमारतीत आणखी एक अडचण असते. इमारत संस्थेच्या नावे होण्यापूर्वीच बांधकाम व्यावसायिकाने एखाद्या कंपनीशी करार केलेला असतो. जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नसेल तर मालकी कागदोपत्री अद्याप त्याच्याकडेच असते, आणि कंपनी त्या करारावर बोट ठेवते. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ मध्ये २००८ साली झालेल्या सुधारणेने मानीव अभिहस्तांतरणाची सोय केलेली आहे. ती पूर्ण करून घेणे हे तारेच्या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाचे काम आहे. पण तारेच्या वादामुळे ते पुष्कळांच्या प्रथमच लक्षात येते, हेही खरे.

आता पहिल्या कागदाकडे वळता येईल. कंपनीच्या मसुद्यात पुष्कळदा 'सुविधाधिकार' असा शब्द असतो. हा शब्द परदेशी नमुन्यांवरून आलेला आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार सुविधाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असलेला हक्क होय. मागच्या शेताला पुढच्या शेतातून वाट असते, ती त्या शेतासाठी असते, एखाद्या व्यक्तीच्या धंद्यासाठी नव्हे. कंपनीची वसाहतीशेजारी जमीनच नसेल, तर तिला मिळणारा हक्क सामान्यतः सुविधाधिकार ठरत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये ज्यास अनुज्ञप्ती म्हटले आहे, म्हणजे साध्या भाषेत परवानगी, त्या सदरात तो पडतो. कागदाच्या माथ्यावर काय लिहिले आहे यापेक्षा पोटात काय लिहिले आहे यावर हक्काचे स्वरूप ठरते.

परवानगी सर्वसाधारणपणे केव्हाही काढून घेता येते. परंतु कलम ६० मध्ये दोन अपवाद आहेत आणि त्यांपैकी दुसरा गृहनिर्माण संस्थांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परवानगीवर विसंबून घेणाऱ्याने स्वखर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर ती परवानगी रद्द करता येत नाही. लखनौ येथील एका शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली याच तत्त्वावर निर्णय दिला होता. जागा परवानगीने वापरावयास मिळाली होती, शाळेने तेथे पक्के बांधकाम केले होते, आणि ती परवानगी अपरिवर्तनीय ठरली. तारेच्या कंपनीने रस्त्याखाली काँक्रीटची नाली बांधली, यंत्रासाठी पक्की खोली उभारली, तर उद्या तिने हाच युक्तिवाद केल्यास नवल नाही. म्हणून करारात स्पष्ट शब्दांत लिहावे लागते की, ही केवळ अमुक वर्षांची परवानगी आहे, ती कलम ६० खाली अपरिवर्तनीय समजली जाणार नाही, आणि मुदत संपताच कंपनीने आपले साहित्य स्वखर्चाने काढून न्यावे. वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे व हक्क म्हणून केलेल्या उपभोगाने वहिवाटीचा हक्क उत्पन्न होतो; परवानगीने केलेल्या उपभोगाने तो होत नाही. लेखी परवानगीचा हा मोठाच उपयोग आहे. ओळखीच्या केबलवाल्याने तोंडी विचारून ओढलेल्या तारेबाबत दोन ओळींचे पत्र घेऊन ठेवण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

कायद्याने आपणास जागा मिळालीच पाहिजे, असे कंपनीचे प्रतिनिधी कधी कधी सांगतात. हे अर्धसत्य आहे. केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम, १९९५ मध्ये २०११ च्या सुधारणेने केबलचालकास मार्गाधिकार मिळाला तो सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालमत्तेपुरता. इंटरनेट व दूरध्वनी यांच्या तारांसंबंधी आता दूरसंचार अधिनियम, २०२३ आहे आणि त्याखालील मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले आहेत. तेथेही खाजगी जागेसाठी प्रथम मालकाशी करार करणे हाच मार्ग सांगितलेला आहे. मालकाने नकार दिला व सार्वजनिक हितासाठी ती जागा आवश्यक ठरली तर केंद्र सरकारने निर्णय करावयाचा आहे. 'नाही' म्हणण्याचा वा अटी घालण्याचा अधिकार संस्थेस आहे, मात्र तो अमर्याद नाही.

या प्रश्नावर अमेरिकेत घडलेला एक खटला मनोरंजक आहे. न्यूयॉर्क शहरातील एका पाच मजली इमारतीच्या मालकिणीस, इमारत खरेदी केल्यानंतर, गच्चीवर केबल कंपनीची तार व दोन पेट्या आढळल्या. तार अर्ध्या इंचाहूनही कमी जाडीची होती. राज्याच्या कायद्याने मालकास अशा तारेला हरकत घेण्याची मनाई केली होती व एक डॉलर ही पुरेशी भरपाई मानली गेली होती. लॉरेटो विरुद्ध टेलिप्रॉम्प्टर या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निर्णय दिला की, जागा कितीही थोडी असो, ती कायमची व्यापली गेली तर मालमत्ता घेतल्यासारखेच आहे आणि भरपाई द्यावी लागेल. पुढे ती भरपाई एक डॉलरच राहिली, हा त्या विजयाचा गमतीदार शेवट.

दुसरा कागद पहिल्यापेक्षा निरुपद्रवी दिसतो. त्यात कोणतीही जागा मागितलेली नसते. संस्थेने सूचनाफलकावर कंपनीची पत्रके लावावीत, नव्या रहिवाशास तिचे माहितीपत्रक द्यावे, गणेशोत्सवात प्रवेशद्वाराशी तिचा कक्ष लागू द्यावा, आणि इतर कोणासही अशी सवलत देऊ नये, एवढीच मागणी असते. येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. एका कंपनीलाच प्रचाराची मुभा देणे निराळे आणि एका कंपनीलाच आत येऊ देणे निराळे. पहिल्यात सभासदास अन्य सेवा घेण्याचे स्वातंत्र्य राहते; दुसऱ्यात ते जाते. पण मसुद्यातील एखादे वाक्य पहिल्यातून दुसऱ्यात अलगद नेऊन सोडते. 'गच्चीवर अन्य कोणाची छत्री अथवा तार बसविण्यास संस्था परवानगी देणार नाही' असे वाक्य प्रचाराच्या करारात आढळले, तर तो प्रचाराचा करार राहिलेला नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २० जानेवारी २०१७ रोजी इमारतींच्या अंतर्भागातील सेवापुरवठ्याविषयी शिफारशी केल्या. एकाच कंपनीशी केलेल्या करारांमुळे रहिवाशांची निवड संकुचित होते हे लक्षात घेऊन, इमारतीतील सोयींचा वापर सर्व पुरवठादारांना भेदभावाविना करता यावा असे प्राधिकरणाने सुचविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या दूरसंचार सोयींनुसार मानांकन देण्याचे विनियमही त्याने केले. अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने तर २००७ सालीच केबल कंपन्यांच्या एकाधिकार प्रवेशाच्या करारांस बंदी घातली आणि २०२२ मध्ये आणखी एक वाट बुजविली. वसाहतीतील जितकी अधिक घरे कंपनीचे ग्राहक होतील तितका संस्थेचा हिस्सा टक्क्याने चढत जाईल, अशी रचना काही करारांत असे. वरवर ती संस्थेच्या फायद्याची. प्रत्यक्षात तिच्यामुळे दुसऱ्या कंपनीला दाराशीच थोपविण्यात संस्थेचाच स्वार्थ निर्माण होई. असा चढता हिस्सा आयोगाने निषिद्ध ठरविला. केवळ प्रचाराचा एकाधिकार देणारा करार मात्र त्याने चालू दिला, अट एवढीच की त्याची माहिती रहिवाशांना सोप्या भाषेत दिली पाहिजे. आपल्याकडे असा थेट नियम नसला तरी सभासदांना माहिती देण्यापासून संस्थेस कोणी अडविलेले नाही.

पैशाचा हिशेब घरी बसून करून पाहण्यासारखा आहे. समजा, चाळीस घरांच्या वसाहतीस कंपनीने घरामागे पाचशे रुपये एकदाच देऊ केले. एकूण वीस हजार रुपये झाले. टाकीची दुरुस्ती त्यात कदाचित होईल. कराराची मुदत पंधरा वर्षे असेल तर वर्षाला सुमारे १,३३३ रुपये, घरामागे वर्षाला ३३ रुपये, आणि महिन्याला तीन रुपयांहूनही कमी रक्कम पदरी पडते. स्पर्धा नाहीशी झाल्यामुळे कंपनीने मासिक आकार पन्नास रुपयांनी वाढविला, तर त्याच घराचे वर्षाला सहाशे रुपये जातात. ही आकडेमोड सर्वसाधारण सभेत फळ्यावर लिहिली गेली तर चर्चा लांबणार नाही.

त्यातून जे उत्पन्न येईल त्यावर कराचाही विचार करावा लागतो. सभासदांनी सभासदांसाठी गोळा केलेला निधी परस्परतेच्या तत्त्वावर करातून सुटतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गृहनिर्माण संस्थांच्या हस्तांतरण शुल्कास लागू केले. कंपनी ही सभासद नव्हे. तिच्याकडून आलेली रक्कम या तत्त्वात बसत नाही, ती संस्थेच्या उत्पन्नात धरावी लागते. ती रोखीने कोणाच्या हाती न देता धनादेशाने संस्थेच्या खात्यात घेतली, तर पुढील लेखापरीक्षणात समितीस उत्तरे शोधत बसावे लागत नाही.

काही कंपन्या याहून पुढे जातात व सर्व घरांची वर्गणी देखभाल शुल्कातच एकत्र वसूल करण्याचे सुचवितात. दर कमी पडतो हे खरे. पण १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आलेल्या व्यवस्थेनुसार वाहिन्या निवडण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाचा आहे. ज्या वृद्ध दांपत्याच्या घरी संचच नाही, त्याने तारेचे पैसे का भरावेत याचे उत्तर समितीस देता येणार नाही.

तांत्रिक बाजूकडे सभांमध्ये फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः रोजचा त्रास तेथूनच होतो. गच्चीच्या कोब्यात खिळे व बोल्ट ठोकून खांब उभारला की जलरोधक थर फुटतो, आणि त्याचा प्रत्यय पहिल्या पावसात वरच्या मजल्यावरील कुटुंबास येतो. बार्शी-वैराग भागात वळवाचा पाऊस विजांसह येतो; उंच खांबास व तारेस योग्य भूजोडणी नसेल तर घराघरांतील संच जळतात. कंपनीचे यंत्र चोवीस तास वीज घेते. ते जिन्यातील दिव्याच्या मीटरवर जोडले गेले तर ते देयक सभासद भरतात, आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. यास्तव कंपनीचा स्वतंत्र मीटर, तार जाण्याचा ठरलेला मार्ग दाखविणारा नकाशा, खोदलेला रस्ता पूर्ववत करून देण्यासाठी अनामत रक्कम, आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाने ओळखपत्र दाखविण्याची अट, या बाबी करारात असाव्यात. जिन्यातून तार नेताना मोकळी नळी एकच बसवावी व तिची मालकी संस्थेची ठेवावी. मग उद्या दुसरी कंपनी आली तरी भिंत पुन्हा फोडावी लागत नाही, आणि कोणा एकाच्या हाती किल्ली राहत नाही. सर्व अटींत हीच अट सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी म्हणता येईल.

सभासदांच्या नावांची व दूरध्वनी क्रमांकांची यादी हा प्रचाराच्या करारातील आणखी एक नाजूक भाग. सचिवाच्या दप्तरात ती यादी संस्थेच्या कामासाठी असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या मुळाशी संमतीचे तत्त्व आहे, पण कायदा नसता तरी शेजाऱ्याचा क्रमांक विकावयाचा नसतो, हे कोणीही मान्य करील. ज्यास पत्रक हवे असेल त्याने स्वतः आपला क्रमांक कंपनीस द्यावा.

ज्या केबलचालकाशी व्यवहार करावयाचा त्याचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. ही नोंदणी पूर्वी मुख्य डाकघरात होत असे; जानेवारी २०२५ पासून ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे संगणकीय पद्धतीने होते. मोठ्या कंपनीचे नाव पुढे करणारा प्रतिनिधी पुष्कळदा स्थानिक मध्यस्थ असतो, त्यामुळे सही कोण करणार, कोणत्या अधिकारपत्राने करणार, आणि त्याने धंदा विकला तर करार आपोआप नव्या धन्याकडे जाणार काय, हे विचारून घेतले पाहिजे. संस्थेच्या लेखी संमतीवाचून हस्तांतरण होणार नाही, असे कलम घालण्यास चांगली कंपनी सहसा हरकत घेत नाही.

मुदत शक्यतो तीन वर्षांची असावी व आपोआप वाढणारी नसावी. मसुद्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'मुदत संपण्यापूर्वी नोटीस न दिल्यास करार तितक्याच मुदतीसाठी वाढेल' असे वाक्य असते. पंधरा वर्षांनी त्या नोटिशीची आठवण ठेवणारी समिती अस्तित्वात असेलच असे नाही. स्थावर मालमत्तेत शंभर रुपये वा अधिक किमतीचा हक्क निर्माण करणाऱ्या दस्तऐवजास नोंदणी अधिनियम, १९०८ खाली नोंदणी सक्तीची आहे. नुसत्या परवानगीस ती लागत नाही. कंपनीने नोंदणीचा आग्रह धरला तर तिला परवानगीहून अधिक काही हवे आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा आणि मसुदा पुन्हा वाचावा.

एवढे करूनही वाद उद्भवलाच, तर कोठे जावयाचे हे ठाऊक असावे. संस्था व सभासद यांच्यातील वाद १९६० च्या अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. एकटा ग्राहक सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. कंपनी आणि ग्राहकांचा समूह यांच्यातील तंटा, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अधिनियम, १९९७ खाली, दिल्लीतील दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरणापुढे नेता येतो. २००४ पासून केबल सेवाही त्याच्या कक्षेत आहे. वैरागहून दिल्ली लांब आहे. म्हणून करारात वादाचे स्थळ कोणते लिहिले आहे, मुंबई, बंगळूर की सोलापूर, ती एक ओळ सही करण्यापूर्वी शोधून पाहावी.